पाटीच्या अंगावर आलेला काटा

दाजी,

तुम्हाला माती देऊन सगळे घरी आलो, तेव्हा अक्कानं पहिलं काम काय केलं, सांगू? रडून रडून डोळे सुजलेले, दोघी बायांनी दंडाला धरून आणलेली. अशी ही बाई हात सोडवून उठली, रांजणाजवळ गेली, घागरीच्या तोंडावर फडकं टाकलं आणि पाणी गाळायला लागली. भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, दोन वर्षांमागं मीच बसवून दिलेलं. पण नाही. जावेनं म्हटलं, "ऱ्हाऊ दे की आज, महानंदा." तर ही म्हणाली, "एवढे लोक आलेत. त्यांनी बघितलं तर बोलतील."

'त्यांनी' म्हणजे तुम्ही. तुम्हाला माती देऊन तास झाला नव्हता आणि ती तुमच्या बोलण्याला भिऊन पाणी गाळत होती. मला हसू आलं, दाजी. तोंडावर पदर घेतला म्हणून लोकांना वाटलं, मेव्हणी रडायली.

निधनाच्या पत्रिकेत 'लिंगैक्य' छापलंय, तुमचं गाव छापलंय, 'प्रसिद्ध पेंटर' असंही छापलंय. ते लोकांना पुरेसं आहे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, ती चाळीस वर्षांच्या वर सांगायची राहिली. जिल्हा झाला त्या वर्षीच्या पाटीची. सांगते, पण एकदम नाही. तुम्हीच शिकवलंय, वरून ओतायचं आणि हात मागं घ्यायचा.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते दुष्काळात. मी दहा वर्षांची. मुखेडच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावातल्या विहिरीत बाया वाटीनं पाणी भरायच्या. पाणी कसलं, चहाच. अशा दिवसांत अक्काला बघायला तुम्ही आलात, तुम्ही आणि तुमचे चुलते. पांढरा सदरा होता, पण नखांच्या कडेला हिरवा रंग. मला वाटलं, नवरदेवाला काहीतरी रोग झालाय.

आप्पांनी तांब्या-पेला पुढं केला. पाहुण्यानं यजमानाचं पाणी कसं घ्यायचं असतं? दोन्ही हातांनी, आणि काही न बोलता. तुम्ही पेला घेतलात, खिशातून घडी घातलेलं फडकं काढलंत, दुसऱ्या पेल्यावर पसरलंत आणि आमच्या आप्पांच्या डोळ्यांदेखत आमचं पाणी गाळायला लागलात! तुमच्या चुलत्यांनी तुम्हाला कोपर मारलं.

"मन्मथ, काय करायलास?"

"सवय हाय, काका," तुम्ही म्हणालात. खरंच सवयीनं हात गेला होता. दिवसभर रंग गाळणारा माणूस. त्याला समोर पातळ काही दिसलं की हात खिशात जाणारच.

आप्पा उठून उभे राहिले. आमच्या आप्पांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. "आमच्या घरचं पानी गाळून पिता व्हय, पाव्हणं? आमी काय नालीतलं आणून दिलं का?"

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता, नाहीतर निघून गेला असता. तुम्ही ते फडकं उचललंत, उजेडाकडं धरलंत आणि आप्पांच्या नाकासमोर नेलंत. "मामा, बघा. एक कण न्हाई. असल्या दुष्काळात, असल्या पान्यात, एक कण न्हाई. ह्या घरात गाळणारं मानूस हाय."

अजून सुपारी फुटली नव्हती आणि तुम्ही 'मामा' म्हणून मोकळे!

आप्पांनी फडकं बघितलं. उलटून बघितलं. मग हळूच खाली बसले. आत दाराआड अक्का माझ्या खांद्याला धरून उभी होती. पहाटे दोन कोसांवरून आणलेलं ते पाणी तिनं तीनदा गाळलं होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं, आम्ही घरातल्यांनीसुद्धा नाही. तिनं माझ्या कानात सांगितलं, "चंदे, आप्पाला म्हनावं, हाव म्हना." मी ओसरीवर जाऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून टाकलं, "आप्पा, अक्का हाव म्हनायली." त्याबद्दल अक्कानं मला मारलं, आणि तुम्ही मला जन्मभर 'वकीलबाई' म्हणालात.

पुढं मी मॅट्रिक झाले आणि आमच्या घरात भांडण लागलं. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचा उंबरा कुणी चढलं नव्हतं. माझे दोन भाऊ दहावीच्या अलीकडंच बसले. आणि मी म्हणायची, लातूरला जाऊन सायन्स शिकणार. तुम्ही एसटीनं मुखेडला आलात, आप्पांसमोर बसलात, पाणी घेतलंत. गाळलं नाहीत, मी बघत होते. म्हणालात, "मामा, पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल. शिकू द्या."

आप्पांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग अट घातली. "ठीक हाय. पन एक बी तक्रार आली तिची, कसली बी, त्याच दिवशी यष्टीत बसवून घरी आणीन. मग तुमी बोलायचं न्हाई."

"हाव," तुम्ही म्हणालात.

त्या एका 'हाव'वर माझी पदवी टांगलेली होती, दाजी. एक तक्रार, आणि मुखेडची एसटी.

लातुरातली भुईमूग-करडईच्या आडतीमागची ती तुमची गल्ली, पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये उलटं ठेवलेलं स्टूल. मी आल्या दिवशी विचारलं होतं, स्टूल पडलंय का? तुम्ही म्हणालात, "पडलं न्हाई, कामावर हाय." त्याच्या वर आलेल्या चार पायांना फडक्याची चार टोकं बांधायची, मधे झोळ सोडायचा, खाली डबा. वरून रंग ओतायचा. झालं तुमचं गाळणं. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचं नरसाळं होतं, घडी घालायचा कागद होता. मी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं की तुमची पद्धत अशास्त्रीय आहे. तुम्ही मान डोलावलीत. "बरं. मग त्या कागदातनं एक डबा निळा गाळून दाखव." मी चार थेंब गाळले तोवर तुमची एक पाटी लिहून झाली.

मग तुम्ही शिकवलंत. डब्याचं झाकण उघडलं की रंगावर साय आलेली असते. ती ढवळायची नाही. कडेकडेनं सुरी फिरवून अख्खी उचलायची, दुधावरची उचलतो तशी. मोडली की तिचे हजार तुकडे रंगात फिरतात आणि मग शंकरानं स्वतः गाळलं तरी निघत नाहीत. फडकं जुनं पाहिजे. नव्या कापडाची खळ आणि तंतू रंगात उतरतात. आणि शेवटचं, जे तुम्ही दिवसातून दहादा म्हणायचात:

"दाबायचं न्हाई. पिळायचं तर न्हाईच न्हाई. गुठळी मऊ असते, दाबली की तीच बारीक होऊन खाली येते. मग गाळलं कशाला? रंगाला त्याच्या वजनानं उतरू दे."

मी म्हणायची, यात वेळ जातो. तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे की. त्याला कुठं यष्टी धरायची हाय?"

जुनं फडकं म्हणजे किती जुनं, यावरून तुमची आणि अक्काची जी भांडणं झाली ती मी कधी विसरणार नाही. नणंदेच्या लग्नातलं तिचं अंजिरी लुगडं तुम्ही उभं फाडलंत. ती शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"हे जुनं हाय व्हय?"

"धुऊन धुऊन मऊ झालं होतं. म्हनलं, तयार झालं."

"मी बी धुऊन धुऊन मऊच झाले. मला बी फाडा की मग!"

तुम्ही ब्रश खाली ठेवलात, तिच्याकडं नीट बघितलंत आणि म्हणालात, "तू कुठं मऊ झालीस?" दोन दिवस आपल्याला भाकरीबरोबर नुसता ठेचा मिळाला. मला कारण नसताना.

आणि तो चहा. माझ्या शास्त्रीय डोक्यातून निघालेली पितळी चहागाळणी. जाळी बारीक, कडं मजबूत, दांडा धरायला. तुम्ही देगलूरला दुकानाची पाटी लिहायला गेला होतात. मी तिच्यातून हिरवा रंग गाळला, रॉकेलनं धुतली, परत फळीवर ठेवली. स्वच्छ धुतली असं माझं मत होतं. दुसऱ्या दिवशी तुमचे चुलते आले. अक्कानं चहा गाळला, कपात ओतला, आणि कपाच्या कडेनं एक हिरवं वर्तुळ फिरायला लागलं. चुलते कप हातात धरून म्हणाले, "सूनबाई, ह्यात काय गवती चहा टाकला का?" बरं झालं, प्यायले नाहीत. आता लोक दुकानातून ग्रीन टी आणून पितात. तुम्ही परवापरवापर्यंत सांगत होतात, "ग्रीन टी लातुरात पहिल्यांदा आमच्या घरी झाला. वकीलबाईनं काढला." अक्काकडं तक्रार करायला चांगलं कारण होतं, आणि तिनं मुखेडला एक अक्षर कळवलं नाही. तेव्हाच मला समजलं, की त्या अटीच्या या बाजूला, माझ्या बाजूला, तुम्ही दोघं उभे होतात.

आता पाटीकडं येते.

जिल्हा झाला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून लातूर वेगळा जिल्हा झाला. बाकीच्यांना त्यात काय दिसलं असेल ते असो, तुम्हाला काम दिसलं. शाळा, दवाखाने, सोसायट्या, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या पाट्यांवर खाली लिहिलेलं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं. "सरकारनं आपल्यासाठीच केला की काय जिल्हा!" असं तुम्ही गल्लीभर सांगत होतात. आणि त्यातच एका नव्या कचेरीची पाटी आली. आठ फुटी पत्रा, निळी जमीन, पांढरी अक्षरं. उद्‌घाटनाला दोन दिवस. साहेबांनी सांगितलं होतं, ही चांगली झाली तर बाकीच्या पाट्याही तुमच्याकडंच.

त्या दिवशी निळा गाळायचं काम माझ्याकडं होतं. तुम्ही कचेरीवर पत्र्याला अस्तर देत होतात. मी साय उचलली, नीट, अख्खी. फडकं बांधलं, रंग ओतला, हात मागं घेतला. थेंब, थेंब, थेंब. आणि तेवढ्यात गंजगोलाईच्या बाजारपेठेच्या बाजूनं हलगी ऐकू आली. मिरवणूक! जिल्हा झाल्याची मिरवणूक. गल्लीतल्या बाया पदर सावरत पळायल्या. शेजारची ओरडली, "चंदे, चल, गुलाल उधळायलेत!"

झोळीत अजून निम्मा रंग होता. मी एकदा दाराकडं बघितलं, एकदा झोळीकडं. फडक्याची चारी टोकं सोडली, एकत्र धरली आणि पिळलं, दाजी. एक पीळ, दोन पीळ. निळी धार सरळ डब्यात. एका मिनिटात झालं. फडकं तसंच स्टुलाखाली टाकलं आणि पळाले.

काय मिरवणूक होती! म्हातारे नाचत होते. आडतीवरचे हमाल नाचत होते. आमच्या कॉलेजातले एक फार कडक सर होते, तेसुद्धा टोपी हातात घेऊन नाचत होते. आपल्या गावाचं नाव आता जिल्ह्याचं नाव, एवढ्यावरच माणसं अशी खुश होऊ शकतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार नाही. मी केसांत गुलाल घेऊन घरी आले. संध्याकाळी तुम्ही डबा नेलात. खात्री करायला परत गाळला नाहीत, कारण मी गाळला होता. कचेरीच्या ओसरीत, उतरत्या उजेडात, तुम्ही निळ्याचा हात मारलात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आप्पा दारात. न सांगता. बंडीच्या खिशात एक फोटो, नायगावकडचं एक स्थळ, जमीन आहे, मुलगा चांगला. "शिक्षण झालंच की आता जवळजवळ," असं म्हणत होते. मी म्हटलं, आधी दाजींची भाकरी द्यायची आहे. म्हणून तेही माझ्याबरोबर कचेरीवर आले.

आणि तिथं ती पाटी ओसरीत उन्हाला उभी. आठ फुटांच्या निळ्या जमिनीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक बारीक पुरळ. गुठळ्या. मी दाबलेल्या, मी बारीक केलेल्या. साहेब तुमच्यासमोर उभे, आवाज चढलेला. "हे काय आहे, पेंटर? उद्या पाहुणे येणार. ही पाटी लावू मी? बाकीचं काम दुसऱ्याला देतो."

तुम्ही पाटीवरून तळहात फिरवलात. घाई नाही, काही नाही. मग म्हणालात, "साहेब, जिल्हा झाला ना. पाटीच्या अंगावर काटा आला."

साहेब बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं ते थांबेचना. ओसरीतला शिपाई हसला, पाणी पाजणारी बाई हसली. "संध्याकाळपर्यंत काटा घालवा पेंटर," असं म्हणून ते आत गेले.

पण आप्पा हसले नाहीत. आप्पांनी पाटीकडं बघितलं, माझ्या केसांतल्या गुलालाकडं बघितलं. शेडमधलं माझं काम काय, हे अक्कानं कौतुकानं त्यांना मागंच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "रंग कोनी गाळला, मन्मथ?"

तोंड उघडायची वेळ माझी होती. मी भाकरीची गाठ सोडत बसले. मला एसटी दिसत होती, मुखेडची, खिडकीजवळची सीट.

"मीच, मामा," तुम्ही म्हणालात. "चुकलं."

"तीस वर्सांचा बाप्या तू. असं कसं चुकलं?"

"जिल्हा रोज रोज होतो का?"

आता आप्पाही हसले. धोतर खोचलं आणि म्हणाले, "आन ती पट्टी. खरवडू." त्या दुपारी आपण तिघांनी मिळून पाटी खरवडली. आप्पांच्या मिशा निळ्या झाल्या. नवा डबा उघडला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "गाळ." मी फडकं बांधलं, ओतलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिले. थेंब, थेंब. आप्पा बाजूला उकिडवे बसून तासभर बघत होते. शेवटी म्हणाले, "ही एवढा येळ गप ऱ्हाऊ शकते? घरी तर ऱ्हात न्हवती."

"शिकलीय, मामा," तुम्ही म्हणालात.

संध्याकाळच्या एसटीनं आप्पा गेले. खिशातला फोटो खिशातच घेऊन. रात्री तुम्ही पांढरी अक्षरं लिहिलीत आणि दुसऱ्या दिवशी पाटी चढली. तिच्यात तोंड दिसत होतं.

मी पास झाले. घराण्यातली पहिली पदवीधर. पोरांतली नाही, पोरींतली नाही, सगळ्यांतली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, कधी केलाही नाही. तुम्ही एका पत्र्यावर लिहून आणलंत: 'कु. चंद्रकला, बी.एस्सी.', आणि ते आप्पांच्या दारावर ठोकलंत. गावात कुणाच्याच दारावर नावाची पाटी नव्हती, पाटलांच्यासुद्धा. आप्पा रोज सकाळी आधी विभूती लावायचे आणि मग रुमालानं ती पाटी पुसायचे. पुसून पुसून 'कु.' गेला. माझं लग्न झालं त्याच्या आधीच गेला. तुम्ही म्हणालात, "पाटीला पुढचं आधी कळतं."

मग नांदेडला शाळा, विज्ञानाची मास्तरीण, तीस वर्षांवर नोकरी. वर्गात मी मुलांना सांगायची, प्रयोग चुकला तर चुकला म्हणून लिहा, निकाल खोटा लिहू नका. आणि दर वेळी ती पाटी डोळ्यांसमोर यायची. आधी भीती होती म्हणून बोलले नाही. आप्पा गेल्यावर भीती गेली, पण तोवर मी 'मॅडम' झाले होते. खरं सांगते, मला 'चुकले' म्हणायला जड जातं. घरात पहिल्यानं शिकलेल्या माणसाला फार जड जातं. त्याला वाटतं, एक चूक कबूल केली की सगळे म्हणणार, बघा, उगाच शिकवलं.

तुम्हाला काही कळलं होतं का, हेही मला कधी कळलं नाही. तुम्ही कधी इशारा केला नाहीत. माझ्याशी वाद घालत राहिलात, फडकं की जाळी, एवढाच. नांदेडहून मी तुम्हाला कागदी शंकू आणून दिले, टोकाला बारीक जाळी असलेले. गाड्या रंगवणारे वापरतात तसले, एकदा वापरायचे आणि फेकायचे. तुम्ही एक उचललात, फिरवून बघितलात आणि डोक्यावर ठेवलात. "टोपी चांगली हाय. कुनाचा वाढदिवस?" तो शंकू डोक्यावर ठेवूनच तुम्ही संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरलात. वाद मात्र संपला नाही. दाजी, जाळी चांगली. अजून म्हणते. एकसारखी भोकं असतात, तंतू सुटत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "पन तिला आपलं घर माहीत नस्तं." याला शास्त्रात उत्तर नाही.

फ्लेक्स आले, हातानं लिहायच्या पाट्या गेल्या, शेड रिकामी झाली. तुमचं गाळणं काही थांबलं नाही. ताक, मध, जवसाचं तेल, जे दिसेल ते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया टँकरचं पाणी घेऊन तुमच्या दारात रांगेनं. उलटं स्टूल पुन्हा कामावर लागलं. मी फोनवर विचारलं, "दाजी, काय चाललंय?" तुम्ही म्हणालात, "काही न्हाई. तुझ्या अक्काला परत बघायला आलोय."

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही सलाईनकडं बघत पडलेले असायचात. नळीत थेंब पडायचा, मग दुसरा. एकदा नर्सबाईला म्हणालात, "हे बरं हाय. दाबत न्हाईत. कोनी शिकवलं तुमाला?" ती बिचारी मला विचारायली, आजोबांना काय होतंय? मी सांगितलं, काही नाही, आमच्या धंद्याचं कौतुक चाललंय.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. खुर्ची जवळ ओढली होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, वाट बघितल्यासारखं. मी विचारलं, "पाणी देऊ?"

पंधरा दिवसांमागं तुमची गणाराधना झाली, गेलेल्याच्या नावचं जेवण. माणसं जेवली, पांगली. घरचेच सात-आठ उरलो. अक्का चहा गाळत होती. गाळणीत पत्ती साठली, तिनं सवयीनं चमचा घेतला आणि दाबायला गेली. आणि काय झालं सांगू? आम्ही सगळे एकदम, एका आवाजात: "दाबायचं न्हाई!"

मग अक्काच पहिली हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ओट्याला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आम्ही सगळेच. आराधनेच्या दिवशी घरातून असलं हसू, गल्लीत काय वाटलं असेल देव जाणे.

त्या हसण्यातच ते माझ्या तोंडून सुटलं. मी ठरवलं नव्हतं. "अक्का, ती कचेरीची पाटी. त्यांनी नव्हतं बिघडवलं. फडकं मी पिळलं होतं. मिरवणूक बघायला."

अक्कानं चमचा खाली ठेवला. हात पुसत आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं.

अंजिरी लुगड्याचा तुकडा. निळ्या रंगात वाळून लाकडासारखा झालेला. मधोमध दोन पीळ, जसेच्या तसे. माझ्या हाताचे.

"स्टुलाखाली घावलं त्यांना, त्याच सांजंला, पाटी रंगवून आल्यावर," अक्का म्हणाली. "मी म्हनलं, इचारते चंदीला. तर म्हनले, न्हाई. ती सांगंल तवा दे. दाबून इचारू नको."

म्हणजे दुसऱ्या दिवशी ओसरीत आप्पांनी विचारलं तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि त्यानंतर इतकी वर्षं हात मागं घेऊन उभे होतात.

दाजी, मी पिळलं. चुकलं माझं. हे मी आता नांदेडला माझ्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि ते फडकं समोर आहे. माझी धाकटी जाऊ म्हणाली, टर्पेंटाईनमध्ये टाका, सुटेल पीळ, धुऊन मऊ होईल. मी नाही म्हटलं. आहे तसं राहू दे. इथं आलेला प्रत्येक जण विचारतो, मॅडम, हे काय आहे? आणि मी प्रत्येकाला सांगते.

तुमची वकीलबाई,
चंद्रकला, बी.एस्सी.